प्रमाणपत्राचा अधिकार : सायबर सुरक्षेच्या व्यावसायिक प्रमाणीकरणाचा इतिहास (१९६२–२०२३)

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी शिक्षकांना अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, एम.एस्सी. करू की सर्टिफिकेशन करू?’ प्रश्न साधा वाटतो. तथापि त्याच्या मागे सहा दशकांचा इतिहास आहे, आणि विद्यापीठीय पदवीच्या अधिकाराला दुसऱ्या एका अधिकाराने दिलेले आव्हानही आहे. वैद्यक, विधी, लेखापाल यांसारख्या व्यवसायांत प्रवेशाची परवानगी देणारी संस्था आणि शिक्षण देणारी संस्था यांचे नाते कायद्याने व परंपरेने ठरलेले असते. सायबर सुरक्षेत तसे घडले नाही. येथे अभ्यासक्रम कोणता, परीक्षा कोणाची आणि उत्तीर्ण कोणाला म्हणावे, हे विद्यापीठांनी नव्हे, तर व्यावसायिकांच्या संघटनांनी व खाजगी संस्थांनी ठरविले. विद्यापीठे मागाहून आली.

हे असे का झाले, प्रमाणपत्रास व्यवसायात जो अधिकार मिळाला तो नेमका कोणी दिला आणि त्या अधिकाराची मर्यादा केव्हा उघड झाली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला. त्यामुळे विवेचनाचा मोठा भागही तेथलाच आहे. भारताचा व महाराष्ट्राचा संबंध जेथे प्रत्यक्ष येतो तेथेच तो घेतला आहे.

एक विसरलेला पूर्वज

प्रमाणीकरणाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा १९८९ पासून केला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो त्याहून सव्वीस-सत्तावीस वर्षे मागे न्यावयास हवा. पंच कार्डांच्या यंत्रांवर हिशेब करणाऱ्या अमेरिकी कर्मचाऱ्यांची एक संघटना होती. संगणक आले तेव्हा १९६२ मध्ये तिने ‘डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशन’ (पुढे डीपीएमए) असे नवे नाव घेतले आणि त्याच वर्षी ‘सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग’ म्हणजेच सीडीपी ही परीक्षा सुरू केली. हेतू उघड होता. कारखान्यातील यंत्रचालक आणि सनदी लेखापाल यांच्यामध्ये कोठेतरी लोंबकळणाऱ्या या वर्गास प्रतिष्ठा हवी होती, आणि लेखापालांच्या परीक्षेचा आदर्श त्यांच्यासमोर होता.

आरंभी परीक्षेस प्रतिसाद चांगला मिळाला. परंतु सीडीपीला अपेक्षित असलेले स्थान कधीच लाभले नाही. संगणक व्यवसायाचे इतिहासकार नेथन एन्समेंगर यांनी या अपयशाची चिकित्सा केली आहे. परीक्षार्थींना महाविद्यालयीन शिक्षणाची अट घालण्याचा प्रयत्न झाला तेव्हा अनुभवाच्या जोरावर वर आलेले सभासद दुखावले. विद्यापीठांतील संगणकशास्त्रज्ञांची संघटना या परीक्षेकडे तटस्थपणे, किंबहुना थोड्या तुच्छतेने पाहत राहिली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नोकरी देणाऱ्यांनी हे प्रमाणपत्र मागितलेच नाही. ज्याच्याकडे ते नाही त्यालाही तेच काम व तोच पगार मिळत होता. १९७० च्या दशकात ही परीक्षा आयसीसीपी या संयुक्त संस्थेकडे सोपविण्यात आली आणि हळूहळू विस्मरणात गेली.

सीडीपीची ही कथा सविस्तर सांगण्याचे कारण असे की, परीक्षा चांगली असणे आणि परीक्षेस अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तीत स्पष्ट दिसते. अधिकार बाहेरून यावा लागतो. दुसरे कारण असे की, पुढे सायबर सुरक्षेच्या प्रमाणपत्राची कल्पना मांडणाऱ्यांत हीच डीपीएमए होती.

हिशेबनिसांनी दाखविलेली वाट

संगणकाची सुरक्षा हा स्वतंत्र विषय आहे याची जाणीव प्रथम संरक्षण खात्यास झाली. रँड संस्थेतील विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने फेब्रुवारी १९७० मध्ये सादर केलेला अहवाल आणि जेम्स अँडरसन यांनी हवाई दलासाठी १९७२ मध्ये लिहिलेला अहवाल हे या विषयाचे मूळ ग्रंथ मानले जातात. एकाच यंत्रावर अनेक जण एकाच वेळी काम करू लागले की गुप्त माहिती कोणापर्यंत पोहोचेल याचा भरवसा कसा द्यावा, हा त्यांचा प्रश्न. पण वेअर अहवाल काही वर्षे गोपनीयच होता. गोपनीय अहवालातून व्यवसाय जन्मत नाही.

व्यवसाय जन्मला तो लेखापरीक्षकांच्या खोलीत. १९६९ मध्ये लॉस एंजेलिस येथे काही लेखापरीक्षकांनी ‘ईडीपी ऑडिटर्स असोसिएशन’ स्थापन केली. हिशेबाच्या वह्या जाऊन फिती व तबकड्या आल्या होत्या, आणि त्या तपासाव्यात कशा हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. चारच वर्षांनी, १९७३ मध्ये, इक्विटी फंडिंग या विमा कंपनीचा घोटाळा उघड झाला. कंपनीने संगणकाच्या साहाय्याने साठ हजारांहून अधिक बनावट विमापत्रे तयार केली होती व ती पुनर्विमा कंपन्यांना विकली होती. संगणकाने छापलेला कागद खराच असणार, या समजुतीला तो पहिला मोठा धक्का होता. (आपल्याकडे सहकारी बँकांच्या लेखापरीक्षणात संगणकीय नोंदींचा छापील उतारा पुरावा म्हणून पुढे केला जातो, तेव्हा प्रस्तुत लेखकास इक्विटी फंडिंगची आठवण होते.)

या संघटनेने १९७८ मध्ये ‘सर्टिफाइड इन्फर्मेशन सिस्टिम्स ऑडिटर’, अर्थात सिसा, या प्रमाणपत्राची योजना आखली व १९८१ मध्ये पहिली परीक्षा घेतली. पुढे १९९४ मध्ये संघटनेने ‘इसाका’ हे नाव धारण केले. सीडीपी जेथे अडखळली तेथे सिसा टिकली, याचे कारण शोधणे कठीण नाही. लेखापरीक्षण हे मुळात प्रमाणित व्यक्तीनेच करावयाचे काम होते. त्या क्षेत्रात ‘तुमची अर्हता काय?’ हा प्रश्न कायद्याने आधीच विचारलेला होता, आणि सिसाने त्या जुन्या प्रश्नाला नवे उत्तर पुरविले.

१९८८ चा नोव्हेंबर

सुरक्षेच्या क्षेत्राला मात्र असा तयार प्रश्न मिळाला नव्हता. तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस निर्माण झाला. अमेरिकी काँग्रेसने ‘कॉम्प्युटर सिक्युरिटी ॲक्ट, १९८७’ संमत केला, त्यावर जानेवारी १९८८ मध्ये स्वाक्षरी झाली. संघराज्याच्या संगणकांवर काम करणाऱ्या वा त्यांची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना सुरक्षेचे नियतकालिक प्रशिक्षण दिले पाहिजे, असे बंधन या कायद्याने घातले. प्रशिक्षण कोणी द्यावे व ते मिळाले हे कशावरून ओळखावे, याविषयी कायदा फारसे बोलत नाही. ही रिकामी जागा पुढे कोणी भरली, हाच या इतिहासाचा गाभा होय.

त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या संशोधक विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. त्या काळी जोडलेल्या सुमारे साठ हजार संगणकांपैकी सहा हजारांच्या आसपास संगणक त्यामुळे बंद पडले वा मंदावले, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. मॉरिसचे वडील राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संगणक सुरक्षा केंद्रात प्रमुख शास्त्रज्ञ होते, हा दैवदुर्विलास वृत्तपत्रांच्या नजरेतून सुटला नाही. मुलास १९९० मध्ये शिक्षा झाली ती तीन वर्षांची परिवीक्षा, चारशे तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरांहून थोडा अधिक दंड अशी. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

‘मॉरिस वर्म’चा परिणाम दोन दिशांनी झाला. कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याच महिन्यात ‘सर्ट’ हे आपत्कालीन प्रतिसाद केंद्र स्थापन झाले. योगायोगाने, त्याच नोव्हेंबरमध्ये डीपीएमएच्या संगणक सुरक्षाविषयक गटाने या क्षेत्रातील विविध संघटनांना एकत्र बोलावून सर्वमान्य व कोणत्याही कंपनीच्या उत्पादनाशी न बांधलेल्या प्रमाणपत्राचा विचार मांडला. त्यातून १९८९ च्या मध्यास एक ना-नफा महासंघ स्थापन झाला. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव संक्षेपाने ‘आयएससी-स्क्वेअर्ड’ असे प्रचारात आले.

या महासंघाने प्रथम परीक्षा घेतली नाही, हे त्याच्या श्रेयाचे आहे. १९९० मध्ये समिती नेमली, आणि सुरक्षेच्या व्यावसायिकास काय ठाऊक असले पाहिजे याची मांडणी १९९२ पर्यंत पूर्ण केली. या मांडणीस ‘कॉमन बॉडी ऑफ नॉलेज’ म्हणतात. आपण तिला सामाईक ज्ञानसंचय म्हणू. प्रवेशनियंत्रण, गूढलेखन, दूरसंचार, कायदा व नीती, इमारतीची भौतिक सुरक्षा असे दहा विभाग पुढे त्यात स्थिरावले. २०१५ मध्ये ते आठ करण्यात आले. या संचयावर आधारित सीआयएसएसपी हे प्रमाणपत्र १९९४ मध्ये सुरू झाले. बहुपर्यायी प्रश्नांची दीर्घ परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, एका विद्यमान प्रमाणपत्रधारकाची शिफारस, नीतिसंहितेस मान्यता आणि दर तीन वर्षांनी अभ्यास चालू असल्याचा पुरावा अशी या प्रमाणपत्राची रचना आहे. अनुभवाची अट २००७ पासून पाच वर्षांची झाली, पदवीधरास त्यात एका वर्षाची सूट मिळते.

येथे क्षणभर थांबून हा तपशील शिक्षकाच्या नजरेने पाहण्यासारखा आहे. चार वर्षांच्या पदवीचे मोल येथे एका वर्षाच्या अनुभवाइतके धरले आहे. यात उपमर्द शोधण्याचे कारण नाही, कारण १९९४ मध्ये या विषयाची पदवी देणारी विद्यापीठे जवळजवळ नव्हतीच. पर्ड्यू विद्यापीठात यूजीन स्पॅफर्ड यांनी १९९२ मध्ये उभारलेली प्रयोगशाळा, कॅलिफोर्नियाचे डेव्हिस, आयडाहो राज्यातील एक-दोन विभाग अशी मोजकीच ठिकाणे होती. राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने १९९९ मध्ये पहिल्यांदा शैक्षणिक गुणवत्ता केंद्रे घोषित केली तेव्हा साऱ्या अमेरिकेतून सात संस्था निवडल्या गेल्या. विद्यापीठांनी जी जागा मोकळी ठेवली ती संघटनेने घेतली.

आदेश आणि बाजार

१९९० च्या दशकात प्रमाणपत्रांचा दुसरा प्रवाह वाहू लागला होता, तो कंपन्यांचा. नॉव्हेल, मायक्रोसॉफ्ट, सिस्को यांची प्रमाणपत्रे जगभर पसरली. मुंबई-पुण्यातील ज्या पिढीने ॲपटेक, एनआयआयटीच्या वर्गांत संध्याकाळी हजेरी लावली तिला हे सांगावयास नको. याच काळात इंग्रजीत ‘पेपर एमसीएसई’ हा कुचेष्टेचा शब्द रूढ झाला. फुटलेले प्रश्न पाठ करून उत्तीर्ण झालेला, पण सर्व्हरसमोर बसविल्यावर गोंधळणारा उमेदवार असा त्याचा अर्थ. सर्वच परीक्षा अशा नव्हत्या. सिस्कोने १९९३ पासून आपल्या सर्वोच्च प्रमाणपत्रासाठी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करून दाखविण्याची परीक्षा ठेवली होती. पण अशी परीक्षा घेणे महाग असते, आणि एका वेळी थोड्यांचीच घेता येते.

‘करून दाखवा’ आणि ‘पर्याय निवडा’ यांच्यातील ही ओढाताण सँस संस्थेच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या प्रशिक्षण संस्थेने १९९९ मध्ये ‘जीआयएसी’ ही प्रमाणपत्रमालिका सुरू केली. आरंभी प्रत्येक उमेदवारास परीक्षेबरोबर एक लेखी प्रात्यक्षिक प्रबंध सादर करावा लागे. एखाद्या हल्ल्याचे विश्लेषण, एखाद्या जाळ्याची तपासणी, स्वतः केलेली व स्वतः लिहिलेली. हे प्रबंध प्रसिद्ध होत, इतर व्यावसायिक ते वाचीत व आपल्या कामात वापरीत. २००५ मध्ये ही सक्ती काढून टाकण्यात आली. प्रबंध ऐच्छिक झाला, तो लिहिणाऱ्यास ‘सुवर्ण’ श्रेणी मिळू लागली, न लिहिणाऱ्यासाठी बहुपर्यायी परीक्षा पुरेशी ठरली. त्या वेळी जुन्या प्रमाणपत्रधारकांनी नाराजी व्यक्त केली. ज्यांनी शंभर प्रकल्प-अहवाल तपासले आहेत त्या प्राध्यापकांना संस्थेची अडचणही कळेल आणि जुन्या धारकांची नाराजीही.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत-सिद्धान्तानुसार, नोकरी देणाऱ्यास उमेदवाराची क्षमता दिसत नाही, म्हणून तो मिळविण्यास कष्टप्रद अशा खुणेवर विसंबतो. खूण उपयोगी ठरते ती तिने काही शिकविले म्हणून नव्हे, तर अक्षम व्यक्तीस ती मिळविणे अधिक कठीण जाते म्हणून. प्रबंधाची सक्ती काढली की खूण स्वस्त होते. पण ती स्वस्त झाली तरी तिचा भाव उतरतोच असे नाही, कारण भाव ठरविणारा दुसराच कोणी असू शकतो.

तो दुसरा म्हणजे अमेरिकेचे संरक्षण खाते. ऑगस्ट २००४ मध्ये खात्याने ‘निर्देश ८५७०’ काढला आणि डिसेंबर २००५ मध्ये त्याची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. खात्याच्या माहिती प्रणालींच्या सुरक्षेचे काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीकडे, मग ती सैनिक असो, मुलकी कर्मचारी असो वा कंत्राटदाराची नोकर, तिच्या स्तरानुसार ठरवून दिलेल्या यादीतील एखादे व्यापारी प्रमाणपत्र असलेच पाहिजे, असा तो आदेश होता. खालच्या स्तरांसाठी कॉम्पटियाची प्रमाणपत्रे (त्यांचे सिक्युरिटी प्लस २००२ मध्ये आले होते), वरच्या स्तरांसाठी सीआयएसएसपी, सिसा, जीआयएसी इत्यादी. यादीत येण्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस आयएसओ/आयईसी १७०२४ या २००३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता असणे आवश्यक होते. सीआयएसएसपीस ती २००४ मध्ये मिळाली होती. पुढे २०१० मध्ये ईसी-काउन्सिलचे ‘सर्टिफाइड एथिकल हॅकर’ हेही यादीत दाखल झाले.

सीडीपीला जे चाळीस वर्षांपूर्वी मिळाले नाही ते या प्रमाणपत्रांना येथे मिळाले. १९८७ च्या कायद्याने सोडलेली रिकामी जागा भरली गेली, तीही शासनाने स्वतः परीक्षा न घेता. कंत्राटदारांना आपली माणसे प्रमाणित करणे भाग पडले, त्यांच्यामागून त्यांचे पुरवठादार आले, आणि नोकरीच्या जाहिरातींत ही इंग्रजी आद्याक्षरे जगभर दिसू लागली. महाराष्ट्रातील वाचकास यात फारसे नवल वाटणार नाही. शासकीय टंकलेखन परीक्षेचे तीस-चाळीस शब्दांचे प्रमाणपत्र किंवा या शतकाच्या आरंभी आलेली एमएस-सीआयटी यांना गावोगाव जी गर्दी लोटली, तीमागे ज्ञानाची ओढ किती आणि भरतीच्या नियमातील एक ओळ किती, हे आपण जाणतोच. फरक इतकाच की, येथील परीक्षांमागे शासन वा शासनाची संस्था होती. अमेरिकेत आदेश शासनाचा आणि परीक्षा व शुल्क खाजगी संस्थेचे होते.

शंका

आदेशानंतर पाचच वर्षांत अमेरिकेतच शंका उपस्थित झाल्या. वॉशिंग्टन येथील सीएसआयएस या संस्थेसाठी कॅरन इव्हान्स व फ्रँकलिन रीडर यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या अहवालाने प्रचलित प्रमाणपत्रव्यवस्थेवर कठोर टीका केली. ही व्यवस्था केवळ अपुरी नाही, तर सुरक्षित असल्याचा खोटा भास निर्माण करते, असा त्यांचा रोख होता. व्यवस्थापन, धोरण व कागदपत्रे यांवर भर देणारी प्रमाणपत्रे असंख्य, पण प्रत्यक्ष हल्ला ओळखून थोपविणारे हात थोडे, ही त्यांची तक्रार.

त्यानंतर २०१३ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने डायना बर्ली व सेमूर गुडमन यांच्या सहअध्यक्षतेखाली एक मूलभूत प्रश्न हाताळला : सायबर सुरक्षेस वैद्यकासारखा बंदिस्त, परवानाबद्ध व्यवसाय बनवावे काय? समितीचे उत्तर सावध होते. हे एक क्षेत्र आहे, एक व्यवसाय नव्हे. त्यातील कामे परस्परांहून फार भिन्न आहेत. ज्ञान इतक्या वेगाने बदलते की परीक्षेचा अभ्यासक्रम नेहमी मागे राहतो. आणि औपचारिक अर्हतेची भिंत उभारली तर रूढ वाटेने न आलेले कुशल लोक बाहेर राहतील. यास्तव सरसकट व्यावसायिकीकरण करू नये, एखाद्या विशिष्ट कामाचे ज्ञान स्थिरावले असेल तरच त्यापुरता विचार करावा.

या भूमिकेतील शेवटचा मुद्दा प्रस्तुत लेखकास सर्वांत वजनदार वाटतो. १९६० च्या दशकात सीडीपीच्या सभासदांनी महाविद्यालयीन शिक्षणाच्या अटीस केलेला विरोध हाच होता. त्या वेळी तो स्वार्थ म्हणून हिणवला गेला. ब्रिटनने मात्र वेगळा मार्ग निवडला. तेथे व्यावसायिकांच्या संस्थेस २०१८ मध्ये शाही सनद मिळाली, २०२१ मध्ये यूके सायबर सिक्युरिटी काउन्सिल या स्वतंत्र परिषदेस सनद मिळून अभियंत्यांप्रमाणे ‘चार्टर्ड’ दर्जा देण्याची व्यवस्था झाली, आणि गुप्तवार्ता संस्था जीसीएचक्यूने २०१४ पासून विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांनाच प्रमाणित करण्यास आरंभ केला. म्हणजे तेथे प्रमाणपत्र पदवीच्या विरोधात उभे न राहता पदवीवर उमटलेली मोहोर झाले.

भारत

भारतात या विषयाचा कायदेशीर पाया माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने घातला. सर्ट-इन ही राष्ट्रीय प्रतिसाद संस्था जानेवारी २००४ मध्ये कार्यान्वित झाली व २००८ च्या दुरुस्तीने तिला वैधानिक स्थान मिळाले. शिक्षणाच्या बाजूने केंद्राने २००५ मध्ये माहिती सुरक्षा शिक्षण व जागृती प्रकल्प हाती घेतला. पुण्यातील सी-डॅकने १९९३ पासून ‘ॲक्ट्स’ या प्रशिक्षण विभागातून पदव्युत्तर पदविका दिल्या, आणि पुढे त्यांत जाळे व प्रणालींच्या सुरक्षेस वाहिलेल्या पदविकेची भर पडली. दिवसभर प्रयोगशाळेत बसवून सहा महिन्यांत तयार करणारा हा अभ्यासक्रम पदवी आणि प्रमाणपत्र यांच्या मधला आहे. अनेक महाविद्यालयांचे आजचे शिक्षक तेथूनच आले आहेत.

मात्र नोकरीच्या बाजारात जी आद्याक्षरे चालली ती परदेशी होती. त्याचे कारण बँका व माहिती तंत्रज्ञान कंपन्या. परदेशी ग्राहकांच्या करारांत प्रमाणित मनुष्यबळाची अट येई. सर्ट-इनच्या नामिकेवर येणाऱ्या लेखापरीक्षण संस्थांच्या तज्ज्ञांची पात्रता मोजतानाही सिसा, सीआयएसएसपी यांसारखी प्रमाणपत्रे गणली गेली. सनदी लेखापाल संस्थेने आपल्या सभासदांसाठी माहिती प्रणाली लेखापरीक्षणाचा स्वतःचा अर्हतोत्तर अभ्यासक्रम काढला, तर इसाकाच्या मुंबई व पुणे येथील शाखांत बँक अधिकारी आणि लेखापाल शेजारी शेजारी बसून सिसाची तयारी करू लागले. लॉस एंजेलिसची १९६९ ची ती खोली अशी आपल्याकडे पोहोचली.

२ जुलै २०१३ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने पाच वर्षांत पाच लाख कुशल व्यावसायिक घडविण्याचे उद्दिष्ट ठेवले. कुशल म्हणजे कोण, हे मोजण्याचे साधन धोरणात नव्हते. अशा वेळी मोजता येते ते प्रमाणपत्र, आणि मग संख्या हेच साध्य होऊन बसते.

पाच वर्षे पूर्ण होता होता, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत अठ्ठावीस देशांतील एटीएममधून बनावट कार्डांद्वारे पैसे काढण्यात आले, १३ ऑगस्टला स्विफ्ट व्यवस्थेतून हाँगकाँगच्या बँकेत रक्कम वळविण्यात आली. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपयांचे होते. हल्लेखोरांनी कार्डव्यवहारास संमती देणारी यंत्रणाच बाजूला सारून तिच्या जागी आपली उत्तरे पाठविली. इक्विटी फंडिंगच्या काळी कागद खोटा होता, येथे संमतीच खोटी होती. व्यापारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्येच सायबर सुरक्षा चौकट घातली होती. नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत चौकट ऑक्टोबर २०१८ मध्ये व श्रेणीनिहाय विस्तृत चौकट डिसेंबर २०१९ मध्ये आली. त्यानंतर सहकारी बँकांना या विषयातील माणसे हवीशी झाली. सांगली, नगर, जळगाव येथील बँकेस मुंबईच्या पगारावर सीआयएसएसपी ठेवणे परवडत नाही. तिला जवळच्या महाविद्यालयातून आलेला, यंत्रणेच्या नोंदी वाचू शकणारा मुलगा वा मुलगी हवी असते.

आणि येथे शुल्काचा प्रश्न येतो. सीआयएसएसपीच्या परीक्षेचे शुल्क साडेसातशे डॉलरांच्या घरात आहे. नवशिक्यांच्या परीक्षाही ग्रामीण विद्यार्थ्याच्या वार्षिक महाविद्यालयीन शुल्काच्या कित्येक पट पडतात. महासंघाने २०२२ मध्ये प्रवेशस्तरावरील एक परीक्षा मोठ्या संख्येने विनामूल्य देऊ केली, हे नोंदविले पाहिजे. परंतु भाषेचा अडसर उरतोच. सीआयएसएसपी इंग्रजीखेरीज चिनी, जपानी, जर्मन, स्पॅनिश भाषांत देता येते. कोणत्याही भारतीय भाषेत देता येत नाही. मराठीत शिकून पदवीपर्यंत आलेला विद्यार्थी प्रश्नातील ‘सर्वांत योग्य’ व ‘सर्वप्रथम’ या इंग्रजी शब्दांच्या छटांवर गुण गमावतो, गूढलेखनावर नव्हे. आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याने अशा एका परीक्षेत दोनदा अपयश घेतले. त्याच मुलाने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील राउटरमधील दोष अर्ध्या तासात शोधून दुरुस्त केला होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी व पदव्युत्तर स्तरांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. तो शिकवावयाचा कोणी, हे बहुतेक महाविद्यालयांत विभागप्रमुखांनी आपसात ठरविले. वाणिज्य शाखेत तो ज्याच्या तासिका कमी त्याच्याकडे गेला. जागृतीपुरता हा अभ्यासक्रम ठीक आहे, पण प्रयोगशाळेवाचून तो दुसरी बहुपर्यायी परीक्षाच ठरण्याचा संभव आहे.

दरम्यान अमेरिकेत चाक थोडे मागे फिरले आहे. ८५७० ची जागा घेणाऱ्या ८१४० या निर्देशमालेची नियमपुस्तिका फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार पायाभूत अर्हता केवळ प्रमाणपत्रानेच नव्हे, तर मान्य विद्यापीठीय पदवीने किंवा विहित प्रशिक्षणानेही सिद्ध करता येते. त्याशिवाय प्रत्यक्ष नेमणुकीच्या जागी, तेथील यंत्रणेवर काम करून दाखविण्याची स्वतंत्र अट आहे. प्रमाणपत्रांना ज्या कार्यालयाने अधिकार दिला त्यानेच तो अठरा वर्षांनी पदवीशी वाटून घेण्यास सांगितले. सीआयएसएसपी यादीत आहेच. एम.एस्सी. की सर्टिफिकेशन असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही हल्ली त्या पुस्तिकेतील दुसरी अट आधी दाखवितो आणि प्रयोगशाळेची किल्ली देतो.